घरी बसलेला वर्ग

“...पण माझ्या शिकवण्यात कमी काय आहे, तेवढं सांगा.”

डॉ. विश्राम धोंगडे अजून उभेच होते. खुर्ची समोर होती, तरी बसले नव्हते.

टेबलापलीकडच्या खुर्चीत होत्या मालतीबाई उकिडवे. पिकलेले केस, खांद्यावर विरळ झालेली शाल. उमेदीची वर्षं त्यांनी रेडिओवरून धडे देण्यात घालवली होती. आता विद्यापीठानं त्यांना परत बोलावलं होतं. ज्या प्राध्यापकांना ऑनलाइन शिकवणं जमत नव्हतं, त्यांच्याबरोबर एकेक करून बसायचं, एवढंच काम.

“कमी?” बाई म्हणाल्या. “काहीच नाही.”

“मग मुलं का सोडून जातात?”

“कमी काही नाही, म्हणूनच.”

धोंगडे सरांना हे असलं बोलणं आवडत नसे. ते भूजलाचे प्राध्यापक. जमिनीखालचं पाणी न बघता सांगणारा माणूस. त्यांच्या तासाला दुसऱ्या विभागांची मुलंही दारात उभी राहून ऐकत. या वर्षी त्यांचा अभ्यासक्रम दोन्ही प्रकारचा झाला होता. अर्धी मुलं सभागृहात, अर्धी आपापल्या गावी, मोबाइलसमोर.

सभागृह भरलेलं राहिलं. गावाकडची मुलं मात्र एकेक करून गळाली.

आणि काल ताहेरा नायकवडीनं ऑफिसात फोन करून सांगितलं, मला नाव काढून घ्यायचंय. प्रवेश परीक्षेत ती पहिली आली होती. सरांनी तिचा पेपर तेव्हा घरी नेऊन बायकोला वाचून दाखवला होता.

ते त्यांना लागलं होतं. ‘हा ऑनलाइनचा खेळ मुळात फसवा आहे,’ हे बाईंच्या तोंडून वदवून घ्यायचं, असं ठरवूनच ते आले होते.

“तुमच्या पुढच्या तासाला येऊ का?” बाईंनी विचारलं.

“जरूर या. पहिली रांग ठेवतो.”

“नको. मी घरून येईन.”

*

त्या दिवशी धोंगडे सर फार सुंदर शिकवून गेले. बाई ऐकताहेत म्हटल्यावर जरा जास्तच. काळा, भेगाळलेला दगड हातात घेऊन त्यांनी वरून तांब्यानं पाणी ओतलं. पाणी भलत्याच भेगेतून निघून थेट त्यांच्या बाहीत शिरलं. सभागृह खो खो हसलं.

तास संपताच ते बाईंच्या घरी गेले. घर आवारातच होतं.

“कसा झाला?”

“सगळे खूप हसले.”

“तुम्ही नाही हसलात?”

“कशाला हसले ते दिसलं नाही. मला तुमचं कोपर दिसत होतं.”

सरांनी ओली बाही वर सारली. मग म्हणाले, “अहो, मग म्हणायचं ना, की दिसत नाही.”

“म्हटलं मी.”

“मला ऐकू नाही आलं.”

“हो...”

बाई आत गेल्या. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

धोंगडे सर तिथंच बसून राहिले. बाई बोलल्या होत्या आणि ऐकू आलं नव्हतं. म्हणजे मुलंही बोलली असतील. ताहेराही बोलली असेल. एकदा, दोनदा... मग तिनं माइक बंद करून ठेवला असेल.

चहा आला तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता.

“दुसरा कॅमेरा लावतो. सभागृहात स्पीकर बसवून घेतो.”

“लावा. चांगला लावा.”

“पण तेवढ्यानं व्हायचं नाही, असं तुमचं म्हणणं.”

बशीत चहा ओतून बाईंनी ती सरांपुढे सरकवली.

बशी हातात धरून सर म्हणाले, “बाई, खरं सांगू? मला त्या काळ्या चौकोनांची भीती वाटते. वर्गात एखाद्या पोराच्या कपाळाला आठी पडली, की मी उदाहरण बदलतो. तिथं कपाळच नाही. नुसतं नाव. मग मी आणखी भराभर बोलायला लागतो.”

“मीसुद्धा लागायचे.”

“तुम्ही?”

“स्टुडिओत लाल दिवा लागायचा. बंद खोली, समोर भिंत. वाटायचं, थांबले तर पलीकडचं माणूस उठून जाईल.”

“मग काय केलंत?”

“थांबायला लागले. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. काचेमागचा इंजिनिअर हातवारे करायचा. त्याला वाटायचं, यंत्र बिघडलं.”

“रेडिओवर? उत्तर कोण देणार तिथं?”

“ज्याला विचारलं, तो.”

“तुम्हाला ऐकू यायचं?”

“नाही.”

सरांनी बशी तोंडाला लावली. चहा निवला होता.

*

मग दोघं रोज दुपारी बसू लागले. तासाभराच्या व्याख्यानाचे तुकडे पाडायचे, दोन तुकड्यांच्या मध्ये मुलांनी करायचं काहीतरी ठेवायचं, आणि ते घरच्या मुलांनाही सभागृहाइतकंच करता आलं पाहिजे, हे बघायचं. धोंगडे सर एकेका वाक्यासाठी भांडत. बाई भांडत नसत. पेन्सिल खाली ठेवून नुसत्या बघत राहत.

“हे वाक्य नाही काढणार,” सर एकदा हट्टानं म्हणाले. “दोन खडकांच्या मधल्या त्या लाल थराचं. माझं सगळ्यात आवडतं वाक्य आहे हे.”

“मग मुलांसाठी ठेवा.”

“म्हणजे राहू दे ना?”

“सांगू नका. सापडू दे त्यांना.”

सर त्या दिवशी रुसून लवकर घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा ते वाक्य त्यांनी स्वतःच खोडलेलं होतं.

मधे त्यांनी ताहेराला फोन केला. समजूत घालायची म्हणून बरीच वाक्यं जुळवली होती. पण पलीकडून “हां सर” ऐकल्यावर एवढंच म्हणाले, “एक तास आणखी येशील? मग तुला वाटेल ते कर.”

*

त्या तासाला बाई सभागृहात शेवटच्या बाकावर बसल्या होत्या.

धोंगडे सर पडद्याकडे तोंड करून उभे राहिले. सभागृहाकडे त्यांची पाठ अर्धी वळली होती, आणि हे मुलांना नवीन होतं.

“आपल्या गावातली कुठलीही विहीर आठवा,” ते म्हणाले. “तिला पाणी नेमकं कुठून येतं? आधी घरी बसलेल्यांनी सांगायचं.”

पडद्यावर काळे चौकोन. कुणी बोललं नाही.

समोरच्या बाकांवर हात वर झाले. सरांनी मानेनंच नाही म्हटलं.

शांतता...

त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळला. उत्तर जिभेवर होतं. खोडलेलं वाक्यसुद्धा जिभेवर होतं. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

शांतता...

कुणीतरी खोकलं. एक खुर्ची करकरली. सरांनी दोन्ही हात मागे बांधले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

पडद्यावरचा एक माइक उघडला. आधी कुकरची शिट्टी ऐकू आली, मग आवाज.

“सर... आमच्या विहिरीत तांबड्या मातीचा एक पट्टा दिसतो. वर खडक, खाली खडक, मधी तो पट्टा. त्याच्या वरच्या अंगानं झिरपतं. बरोबर आहे का, माहीत नाही.”

ताहेरा होती.

सभागृह पडद्याकडे बघू लागलं होतं. बरोबर, अगदी बरोबर, असं ओरडावंसं सरांना वाटलं. ते ओरडले नाहीत.

“तो पट्टा हाताला कसा लागतो गं?”

“चिकट. पाय घसरतो त्याच्यावरनं.”

“मग पाणी त्याच्या वरूनच का येत असेल?”

ती विचार करत राहिली. तेवढ्यात दुसरा माइक उघडला. त्या मुलाचं म्हणणं वेगळंच होतं, त्याच्या विहिरीला असला पट्टाच नव्हता. तिसरीनं त्याला अडवलं. मग पहिल्या बाकावरचा एकजण उठून पडद्याजवळ गेला आणि ताहेरालाच विचारू लागला, की चिकट माती पाणी अडवते का.

“अडवतेच की,” ती म्हणाली. “म्हणून तर वरनं येतं.” मग थांबून म्हणाली, “सर, पुढच्या तासाला फोटो काढून आणू?”

“आण,” सर म्हणाले.

घंटा झाली. मुलं बोलतच बाहेर पडली. पडद्यावरचे चौकोन विझत गेले.

धोंगडे सर बाकांच्या मधून चालत मागे आले आणि बाईंच्या शेजारी धपकन बसले.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “आज मी काहीच शिकवलं नाही.”

बाईंनी शाल सावरली. उठताना सरांच्या खांद्याचा आधार घेतला.

“हो. आज मुलांनी तुम्हाला वर्गात घेतलं.”