ढाण्या मासा आणि हिरवी काच

फार वर्षांपूर्वी एका काचेच्या टाकीत ढाण्या नावाचा दांडगा मासा राहत असे. काचेवरचं शेवाळ खाणारी म्हातारी गोगलगाय दिसली, की तो तिला ढुशी देऊन खाली पाडी.

"बाबा रे, मी तुझं काय खाते?" ती विचारी.

"टाकी माझी आहे!" तो गुरकावे.

एकदा ती पडली, ती पुन्हा उठलीच नाही.

हळूहळू काच हिरवीगार झाली. ऊन दिसेना, खाऊ घालणारी मुलगीही दिसेना. ढाण्याने तोंडाने शेवाळ ओरबाडलं. ओठ सोलले, पण काच काही उजळेना.

मग मुलीने नवी गोगलगाय आणून सोडली. ढाण्या लगबगीने बाजूला सरला. "ये बाई, सगळी काच तुझी," तो म्हणाला.

पण त्याचे दात दिसताच तिने शंखाचं दार लावून घेतलं. ते उघडायची वाट बघत ढाण्या कोपऱ्यातच थांबून राहिला.