ठकूबाईचा सांडवा

मंडळी, बोट यायला अजून थोडा वेळ आहे, तोवर कठड्याच्या या टोकाला या. इथून तलाव पुरा दिसतो. पलीकडे बाग, अलीकडे होड्यांचा धक्का, कणसं भाजणाऱ्या बायकांची रांग, आणि मध्ये हे लांबच लांब पसरलेलं पाणी. रविवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. मी विठोजी तारू. या धरणावर एकतीस वर्षं चौकीदार होतो. आता निवृत्त झालो, पण घरी बसवत नाही.

आधी ही भिंत बघा. आपण उभे आहोत ती कुंभाची खिंड, दोन्ही डोंगर इथेच जवळ येतात, म्हणून भिंत इथे. आता डावीकडे बघा, लांब, टेकडीच्या खांद्यावर. तो काळ्या खडकाचा पट्टा दिसतो? तलाव भरला की जास्तीचं पाणी या भिंतीवरून जात नाही, तिकडून जातं. खाली ओढ्याला लागतं आणि पुढे परत नदीत येतं. सांडवा इतका आडबाजूला का, असं पुष्कळ जण विचारतात. कागदावर त्याला काही नंबर आहे. आम्ही त्याला ठकूबाईचा सांडवा म्हणतो.

ही गोष्ट सात-आठ पिढ्यांमागची. तेव्हा ही भिंत नव्हती. हिरणी नदी या खिंडीतून सुटायची ती थेट चार कोसांवरच्या कसबे हळदोलीवर जायची. हळदोली मोठी बाजारपेठ, आणि नेमकी नदीच्या वळणात बसलेली. असं सांगतात की दर दोन-तीन पावसाळ्यांनी एकदा नदी पेठेत शिरायची. घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा होत्या, एकीवर एक. मुलगी द्यायची झाली तर लोक म्हणे आधी विचारत, घर कितव्या खुणेच्या वर आहे?

तिथले देशमुख माणकोजीराव. त्यांनी ठरवलं की नदी वरच अडवायची. खिंडीत मातीचा मोठा बांध घालायचा, तळाशी दगडी मोरी ठेवायची, म्हणजे पूर वर थांबेल आणि मोरीतून बेताबेतानं खाली जाईल. कामाला वडार मंडळी आणली. त्यांचा नाईक तिम्मा. त्याच्याबरोबर थोरला भाऊ दुर्गाप्पा, मुलगा, आणि पन्नासेक बिऱ्हाडं.

बांध झाला. पहिल्याच पावसाळ्यात फुटला. माणसं वाचली, गुरं गेली. पुन्हा बांधला, आधीपेक्षा उंच. तिसऱ्या पावसाळ्यात तोही फुटला, आणि तेव्हा मात्र घात झाला. बांधावर राखणीला असलेले चार वडार वाहून गेले, त्यात दुर्गाप्पा होता. खाली हळदोलीत अकरा माणसं गेली.

आता ठकूबाई कोण, ते सांगतो. त्या डाव्या खांद्यावर एक शेत होतं. खांदा म्हणजे दोन टेकड्यांमधली सखल जागा. ठकूबाई तिथे एकटी राहायची. नवरा तरुणपणीच वारलेला, मूलबाळ नाही. शेत हातभर मातीचं, पण तिनं ते पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. डोंगरातून पाटीनं माती आणून घातलेली, कडेनं आंबे लावलेले. तेवढंच तिचं. वडारांच्या बायका तिच्या विहिरीवर पाण्याला यायच्या. ती कुणाशी फार बोलायची नाही, पण कुणाला परतही लावायची नाही.

देशमुखांनी तिसऱ्यांदा काम काढलं. माणकोजीराव आता थकले होते, पेठ घाबरली होती, आणि घाबरलेल्या पेठेत कुणीतरी बोललं की हा बांध बळी मागतो. बोलणाऱ्याचं नाव आज कुणी सांगत नाही. बळी पहिलटकरणीचा हवा, म्हणे. देशमुखांनी होय म्हटलं नाही. पण नाही असंही ठणकावून म्हटलं नाही.

तिम्मा नाईकाची सून संगव्वा तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. पहिलीच खेप.

होळी जवळ आली होती. ठकूबाईच्या शेतात गहू पिवळा झाला होता. एके सकाळी संगव्वा घागर घेऊन विहिरीवर आली ती नवं हिरवं लुगडं नेसून.

"आक्का, बघ की," ती म्हणाली. "कसब्यातल्या बायांनी माझी ओटी भरली. नारळ दिला, बांगड्या भरल्या. आम्हा वडारांच्या सुनेला कोण करतंय एवढं?"

ठकूबाईच्या कानावर पेठेतली कुजबूज आलेली होती. लुगडं बघून ती उभ्या जागी थिजली. पोरगी आपली हातातल्या बांगड्या वाजवून बघत होती.

"कवा यायला सांगितलंय तुला?" ठकूबाईनं विचारलं.

"अवसेला. बांधावर पूजा हाय म्हणं. मीच पुढं बसायचं."

ठकूबाईनं तिची घागर भरून दिली. मग म्हणे ती बराच वेळ गव्हात जाऊन उभी राहिली. काय केलं असेल तिनं तिथे? कुणी पाहिलं नाही. पण दुपारी ती डोक्यावर पदर घेऊन खाली बांधावर आली. माणकोजीराव काम बघायला आले होते, पेठेतली चार जाणती माणसं बरोबर होती, वडार मातीच्या पाट्या टाकत होते. तिनं सगळ्यांसमोर देशमुखांना हाक मारली.

"सरकार, पोरीला सोडा. बांध कशानं फुटतो ते मला ठावं हाय."

लोक थांबले. देशमुख म्हणाले, "बोला, बाई."

"पाणी मोरीत मावत न्हाई. मावलं न्हाई की चढतं, चढलं की बांधावरनं जातं, आन मातीवरनं पाणी गेलं की माती ऱ्हाईल व्हय? पयल्या साली पाणी माझ्या शेताच्या उंबऱ्याला लागलं हुतं. अजून दोन हात चढतं, तर माझ्या शेतातनं पलीकडं वढ्यात पडलं असतं आन बांध वाचला असता. दुसऱ्या बारीला तर वीतभरच कमी पडलं. तुम्ही बांध वाढवला, पण पाण्याला वाट कुठंय? माझं शेत कापा. चार पुरुस खोल कापा. खाली काळा खडक हाय. हातभर गेलं की फाळ वाजतो माझा. त्यो खडक झिजायचा न्हाई."

मग तिम्मा नाईक पुढे आला. हातात पहार होती.

"आक्का," तो म्हणाला, "हे तुला कवापासनं ठावं?"

ठकूबाई खोटं बोलली असती तर कुणाला कळलं नसतं. ती म्हणाली, "पयल्या फुटीपासनं."

"मग बोलली न्हाईस?"

"न्हाई. शेत जाईल म्हणून गप बसले."

दुर्गाप्पाला जाऊन वर्ष झालं नव्हतं. बांधावर पन्नास वडार होते, आणि प्रत्येकाच्या हाताशी लोखंड होतं. तिम्मा खाली बसला. मातीत बोटं खुपसून बसला म्हणे, किती तरी वेळ. ठकूबाई समोर उभी. ती हलली नाही, डोळे पुसले नाहीत, माफीही मागितली नाही. काय म्हणून मागणार होती?

शेवटी तिम्मा उठला. त्यानं पहार बाजूला ठेवली आणि आपल्या माणसांना म्हणाला, "इळे आणा रं. आक्काचा गहू उभा हाय. आधी त्यो कापू, मग शेत."

दोन दिवस वडारांनी गहू कापला. तिच्या खळ्यावर मळला, वारा दिला, पोती भरून तिच्या दारात लावली. त्यातल्या चार पायली गव्हाची तिनं गूळ घालून खीर केली आणि सगळ्या बिऱ्हाडांना बसवून वाढली. संगव्वाला दोनदा वाढली. हिरवं लुगडं तिच्या अंगावरच राहिलं. बळीचं बोलणं पुन्हा कुणी काढलं नाही.

मग शेत कापलं. ठकूबाई रोज तिथे येऊन बसायची. माती निघाली, खाली खडक लागला, आणि तिनं सांगितला तसाच, अखंड, काळा. वडारांनी त्यात वीस हात रुंदीची वाट काढली. तीच तुम्ही बघताय ती. एका कडेचा एकच आंबा राहिला.

त्या साली आषाढात पाऊस असा लागला की म्हातारी माणसंही म्हणाली, असा पाहिला नव्हता. हळदोलीची पेठ सामान बांधून टेकावर जाऊन बसली. इकडे तलाव चढत चढत ठकूबाईच्या खडकाला लागला, आणि दिवस चांगला वर आला असताना पहिलं पाणी पलीकडे ओढ्यात पडलं. सात दिवस पडत होतं. बांधावर तिम्मा नाईक आणि त्याची माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. बांधावर पाणी आलं नाही. हळदोलीत नदी घाटाच्या वरच्या पायरीपर्यंत आली आणि तिथूनच पुढे निघून गेली. त्या आठवड्यात संगव्वा बाळंत झाली, मुलगी झाली.

पाऊस ओसरल्यावर सारी पेठ ठकूबाईच्या झोपडीपुढे आली. माणकोजीरावांनी नदीकाठची काळी जमीन तिच्या नावे केली. ती तिनं घेतली, पोटापुरती. मग कुणी म्हणालं, बाईचं इथे देऊळ बांधू. त्यावर ती चिडली.

"देऊळ बांधाल तर ही जागा सोडून जाईन," ती म्हणाली. "माझ्या गप ऱ्हाण्यानं पंधरा जीव गेले. मला हात जोडू नका. तुम्हाला माझ्यासाठी काय करायचंच असंल, तर दरसाल सांडव्यावरनं पाणी गेलं की पोरंबाळं घिऊन हितं या. खावा, प्या, झोके बांधा. ह्या नदीकडं तुम्ही जलमभर भिऊन बघितलं. एकदा हसून बघा. तुमचा आवाज वरपतूर आला, की मला कळंल बांध हाय."

पुढच्या श्रावणात पेठेतली माणसं आली. दुकानं बंद करून, गाड्या जुंपून, गव्हाच्या खिरीची पातेली घेऊन आली. पण पाण्याजवळ कुणी जाईना. हे तेच पाणी होतं. त्यानं कुणाचा बाप नेलेला, कुणाचा भाऊ. बायका मुलांना घट्ट धरून लांब उभ्या राहिल्या. उरलेल्या आंब्याला झोका बांधला होता, पाण्याच्या अंगाला झुकलेल्या फांदीला, आणि तो तसाच रिकामा हलत होता. वर खडकावर ठकूबाई बसली होती. आवाज काही येत नव्हता.

तेव्हा तिम्मा नाईक उठला. साठीचा माणूस, पांढऱ्या मिशा. त्यानं पागोटं काढून संगव्वाच्या हातात दिलं, धोतर खोचलं, आणि जाऊन झोक्यावर बसला. मुलाला म्हणाला, "ढकल." मुलानं हलकेच ढकललं. "जोरात ढकल की रं!" झोका वर गेला, पाण्यावर गेला, नाईकाचे पाय तलावावर लोंबकळले. आधी तो दात आवळून बसला होता म्हणे. तिसऱ्या-चौथ्या झोक्याला त्याच्या तोंडून आरोळी निघाली, आणि मग तो हसायला लागला. म्हातारा लहान पोरासारखा हसतोय हे बघून पेठेतलं एक पोर हसलं, मग त्याची आई. मग सगळी पेठ. पोरं आयांचे हात सोडून पाण्याकडे धावली.

ठकूबाई खडकावरून खाली आली. तिम्मा झोक्यावरून उतरला, त्यानं खिरीची वाटी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "खा, आक्का." तिनं खाल्ली. ती कुणासमोर कधी रडली नव्हती, त्या दिवशी मात्र रडली, असं सांगतात.

पुढं बांध जुना झाला. शासनानं त्याच जागी ही पक्की भिंत बांधली, बाग केली, होड्या आणल्या. इंजिनियर लोकांनी सगळी मोजमापं घेतली आणि सांडवा आहे तिथेच ठेवला. तिच्या नावाचं देऊळ इथे कुणी बांधलं नाही. ती बसायची तो वरचा खडक तेवढा आहे.

पण आजही श्रावणात सांडव्यावरून पाणी सुटलं, की हळदोलीची पेठ बंद होते आणि माणसं इथे वर येतात. वडार गल्लीतलं जे सगळ्यांत म्हातारं माणूस असेल, त्याला पहिला झोका मिळतो. त्याच्याआधी पोरंसुद्धा बसत नाहीत. यंदा मरव्वा बसली होती. वय पंच्याऐंशीच्या पुढं, नजर गेलेली. मी स्वतः दोर धरला होता. चार-पाच झोके दिले आणि म्हटलं, "मरव्वा, पुरे का आता?" तर म्हातारी काय म्हणाली सांगू? म्हणाली, "थांबू नगंस. अजून वरपतूर आवाज गेला नसंल."