बारा कडव्यांचा अंधार

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्यात घड्याळ नव्हतं. कॅमेरा मात्र होता. असं कसं, म्हणून विचारू नका; गोष्टींच्या राज्यात काय आधी येईल आणि काय नंतर, याचा नेम नसतो.

तो कॅमेरा एका म्हाताऱ्या कल्हईवाल्याकडे होता. आयुष्यभर त्याने लोकांच्या भांड्यांना कल्हई केली आणि उरलेल्या वेळात तो उजेड पकडायला शिकला. फिल्म धुवायचा डबाही त्याने स्वतःच घडवला होता. त्याचं झाकण असं घट्ट, की आत उजेडाचा कणही जाऊ नये.

गावातल्या कुंभाराची लेक त्याच्याकडे शिकायला येई. ती हुशार होती, मनाने निर्मळ होती, आणि तिला सगळ्याचीच घाई होती. पहिल्या दिवशी तिने फिल्म आतल्या चाकाला न अडकवताच बारा चित्रं काढली. कॅमेरा उघडला, तर फिल्म जागची हललीही नव्हती.

“बारा वेळा डोळे मिचकावलेस, पोरी,” म्हातारा म्हणाला. “दुसरं काही केलं नाहीस.”

ती हसली आणि पुन्हा शिकायला बसली. उजेड किती आत घ्यायचा, श्वास कधी रोखायचा, हे तिला लवकर जमलं. अवघड होता तो अंधार. भांड्यांच्या खोलीच्या दाराखिडक्यांना म्हातारा भर दुपारी गोधड्या लावी, फटी मातीने लिंपी. त्या अंधारात चाचपत फिल्म डब्यात ठेवायची. मग माठातल्या गार पाण्यात कालवलेलं पहिलं औषध आत ओतायचं. पहिल्या औषधाने चित्र जागं होई. दुसऱ्याने ते पक्कं होई, म्हणजे मग ते उजेडाला भीत नसे.

“पहिलं औषध किती वेळ ठेवायचं, बाबा?”

“पाळण्याचं गाणं म्हणायचं. बारा कडवी. प्रत्येक कडव्यानंतर डबा एकदा उलटा करून सुलटा करायचा. गाणं संपलं की औषध ओतून टाकायचं.”

“आणि भराभर म्हटलं तर?”

“तर बाळ झोपत नाही,” म्हातारा म्हणाला, “आणि चित्र जागं होत नाही.”

त्या गावाबाहेर एक तळं होतं. तळ्यात बाभळी पाण्यातच उभ्या होत्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या करकोच्यांची घरटी होती. थंडीत तिथे धुकं उतरे, ते दुपारपर्यंत उठत नसे. करकोचे उथळ पाण्यातून चालू लागले, की वाटे, धुक्यालाच पाय फुटले आहेत. मुलगी लहानपणापासून बापासाठी तिथली माती आणत असे. त्यामुळे तिला प्रत्येक घरटं ठाऊक होतं.

एके दिवशी प्रधान राजाला म्हणाला, “महाराज, ते तळं रिकामंच पडलंय. बुजवलं तर घोड्यांच्या शर्यतीला झकास मैदान होईल.”

प्रधान मुद्दाम खोटं बोलत होता, असंही नाही. त्याची माणसं पाहणीला गेली होती. पण ती ढोल वाजवत गेली, धुक्याच्या कडेला उभी राहिली आणि चार हातांपलीकडे काही दिसत नाही म्हणून ‘काही नाही’ असं लिहून परत आली.

हे कानावर पडताच मुलगी तडक दरबारात गेली. “महाराज, तळ्यात करकोचे राहतात. घरट्यांत पिलं आहेत!”

“मग उडून जातील,” प्रधान म्हणाला. “पंख कशाला दिलेत त्यांना?”

“पिलांचे पंख अजून फुटायचेत, प्रधानजी. की तुम्ही जन्मतःच चालत दरबारात आलात?”

दरबारात कुणीतरी खोकून हसू लपवलं. राजाने हात वर केला. “मुली, मी वाईट माणूस नाही. पण माझे गुडघे तळ्यापर्यंत मला नेत नाहीत आणि ऐकीव गोष्टींवर मी निकाल देत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत मला ते पक्षी दाखव. दाखवलेस, तर तळं राहील. नाहीतर परवा पहाटे मातीच्या गाड्या निघतील.”

म्हाताऱ्याकडे दोनच फिल्म उरल्या होत्या. त्यांतली एक घेऊन मुलगी दुसऱ्या दिवशी पहाटे कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली. बराच वेळ नुसतं धुकं होतं. मग धुक्याचा एक तुकडा जवळ आला. ती म्हातारी करकोची होती.

“ढोल आणला नाहीस वाटतं?” करकोचीने विचारलं.

“नाही.”

“मग ठीक. पाय हलवू नकोस, मासे बिचकतात.”

मुलीने हळू आवाजात सगळं सांगितलं. करकोची मान वाकडी करून ऐकत राहिली. “पिलं उडायला अजून तीन आठवडे आहेत,” ती म्हणाली. “तुझी ही पेटी खरं बोलते का?”

“खरं तेच बोलते.”

“मग आम्ही हलत नाही. बोलू दे तिला.”

आणि माणसापुढे कधीच न थांबणारे ते पक्षी धुक्यात निश्चल उभे राहिले. मुलीने बाराही चित्रं काढली आणि ओल्या कपड्यांनीच धावत सुटली.

“सावकाश, पोरी,” म्हातारा म्हणाला. “संध्याकाळ लांब आहे.”

पण तिच्या छातीत घोडे धावत होते. आपल्याकडे खरं आहे, ते आत्ताच्या आत्ता सगळ्यांना दिसलं पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं. अंधारात तिने गाणं सुरू केलं. शब्दावर शब्द आदळू लागले, डबा खळखळू लागला. दाराबाहेरून म्हाताऱ्याचा आवाज आला, “अगं, पाळणा हलवतेयस की वरात काढतेयस?”

“झालंच, बाबा!”

तिने एकही कडवं गाळलं नाही. बाराच्या बारा म्हटली. फक्त ती सात कडव्यांच्या वेळात म्हटली.

संध्याकाळी दरबारात राजाने बारांतलं त्यातल्या त्यात बरं चित्र हातात घेतलं. चित्र राखेच्या रंगाचं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं. पांढरे पक्षी आणि फिकं धुकं एकमेकांत विरघळून गेले होते.

“मला धुकं दिसतंय,” राजा म्हणाला.

“महाराज, ही बघा चोच. आणि इथे, इथे घरटं...”

राजाने डोळे बारीक केले. मग चित्र खाली ठेवलं. “तू आणखी थोडं सांगितलंस, तर मला दिसायला लागेल, मुली. पण ते तुझं सांगणं असेल, माझं पाहणं नव्हे.”

“धुक्याचं चित्र मात्र छान आलंय हं,” प्रधान म्हणाला.

मुलगी रडत म्हाताऱ्याकडे आली. “मी खरंच दाखवलं होतं, बाबा! ते तिथे आहेत! फिल्म पुन्हा औषधात घालू या ना.”

“पक्कं झालेलं चित्र पुन्हा जागं होत नाही,” म्हातारा म्हणाला. त्याने तिची समजूत घातली नाही. फक्त दुसरी फिल्म तिच्या हातावर ठेवली.

पहाटे ती तळ्यावर पोचली, तेव्हा पलीकडच्या काठावर गाड्या आल्या होत्या. कुऱ्हाडींचे आवाज धुक्यातून येत होते. बाभळी पडत होत्या आणि त्यांच्यावर माती पडत होती. पांढरे पंख वर गोल गोल फिरत होते.

अलीकडच्या बाभळीवर म्हातारी करकोची होती. “काल पेटी बोलली नाही का?” तिने विचारलं.

“ती बोलत होती. मी तिला पुरतं बोलू दिलं नाही.”

करकोची घरट्यावरून बाजूला सरली, म्हणजे पिलू दिसेल.

दुपारी पुन्हा तो अंधार आला. खोलीबाहेरच्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज भिंतीतून आत येत होता. मुलीने औषध ओतलं आणि पहिलं कडवं सुरू केलं.

आता घाई करण्यासारखं खरोखरच काही होतं. प्रत्येक गाडीबरोबर थोडं तळं कमी होत होतं. तिसऱ्या कडव्याला एका गाडीचा आस करकरला आणि तिची जीभ आपोआप धावू लागली. तिने ती आवरली. चौथ्या कडव्याला तिचा आवाज कापला, पण चाल मोडली नाही. हळूहळू तिला वाटू लागलं, की डब्यात फिल्म नाहीच. तिथे ते पिलू आहे, अंग चोरून बसलेलं, आणि ते घाबरता कामा नये. गाड्या जात राहिल्या. ती गात राहिली. अंधार पाळण्यासारखा सावकाश हलत राहिला.

दाराबाहेर म्हातारा एक शब्दही बोलला नाही.

बारावं कडवं संपलं. मग दुसरं औषध, मग पाणी, पुन्हा पाणी. फिल्म पुरती वाळेपर्यंत ती तिच्याजवळ बसून राहिली. मगच तिने ती औषध लावलेल्या कागदावर ठेवून उजेड दाखवला.

राजाने ते चित्र हातात घेतलं. या चित्रात काळं काळं होतं आणि पांढरं पांढरं. धुक्यापुढे करकोची उभी होती, तिचं एकेक पीस वेगळं दिसत होतं. तिच्या पायाशी एक पिलू आ वासून बसलं होतं.

“याचं तोंड उघडं का आहे?” राजाने विचारलं.

“भूक लागलीय, महाराज.”

यावेळी तिने आणखी काहीच सांगितलं नाही. राजा दुखऱ्या गुडघ्यांवर उठून उभा राहिला. “गाड्या थांबवा.”

“पण महाराज, काम अर्ध्यावर आलंय,” प्रधान म्हणाला.

“असेल तिथे थांबवा!”

गाड्या थांबल्या. तीन आठवड्यांनी अलीकडच्या काठावरची सगळी पिलं उडाली. पलीकडच्या काठावरच्या सात बाभळी मातीखाली गेल्या होत्या, आणि त्यांच्यावरची घरटीही. मुलीला कुणी बोल लावला नाही. पण तिला माहीत होतं, की ती घरटी आणि हे आकाश यांच्यामध्ये फक्त पाच कडव्यांचं अंतर होतं.

तात्पर्य: सत्याला उमटायला लागतो तेवढा वेळ दिला नाही, तर तेही असत्याइतकंच फिकं दिसतं.