गाडीचं वय

अकोल्याच्या शकुंतलाबाई देवपुजारी आजारी यजमानांना आपल्या जुन्या गाडीतून दवाखान्यात नेत. ऐन मे महिन्यात गाडी सिग्नलला थांबली की एसी गरम हवा फेकू लागला आणि इंजिन तापू लागलं. धावताना मात्र सगळं ठीक असे. गॅरेजचे मालक बोनेट न उघडताच म्हणाले, "बाई, गाडीचं वय झालं. विकून टाका."

"वय माझंही झालंय," शकुंतलाबाई शांतपणे म्हणाल्या. "उकाड्यात एका जागी थांबले की मीही तापते. पण घरचे मला विकत नाहीत, पंखा लावतात. हिचा पंखा फिरतो का, तेवढं बघा."

मालकांनी ओशाळून बोनेट उघडलं. इंजिनपुढचा पंखा बंदच होता, त्याचा फ्यूज जळाला होता. तो बदलताच पंखा फिरू लागला.

दुसऱ्या दिवशी सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा यजमान गार हवेत निवांत पेपर वाचत होते.