अस्वलाची दाढ आणि कोल्ह्याची अळी

डोंगरापलीकडच्या एका जंगलात एक अस्वल राहत असे, आणि त्याच्या तोंडात दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काही ना काही गोड असे. मध मिळाला तर मध, नाही तर मोहाची फुलं. सकाळी चाटायचं, दुपारी चाटायचं, आणि संध्याकाळी तसंच चिकट तोंड घेऊन गुहेत आडवं व्हायचं. गालात गोळी फिरवत गोष्ट ऐकणाऱ्यांनो, हसू नका. तुमचं नाव अजून घेतलेलं नाही.

एके दिवशी त्याची डावीकडची दाढ ठणकू लागली. गाल थंड मातीत दाबून झाला, डोकं झाडाला घासून झालं, पण ठणका काही थांबेना. एवढं धिप्पाड जनावर, पण एका दाढेने त्याला रडकुंडीला आणलं. शेवटी ते कोल्ह्याकडे गेलं. हा कोल्हा दातांचा वैद्य म्हणून जंगलात मिरवत असे. ही विद्या तो कुठे शिकला, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं, कारण ठणकत्या तोंडाने असले प्रश्न विचारवत नाहीत.

"आ करा, अस्वलदादा. अजून मोठा. अरेरेरे! कीड शिरलीय आत! बसून कुरतडतेय मेली."

कोल्ह्याने तोंड बधिर करणारी अक्कलकाऱ्याची फुलं पानात गुंडाळून दाढेत कोंबली, डोळे मिटून काहीबाही पुटपुटला आणि पान बाहेर काढून उलगडलं. त्यात एक पांढरी अळी वळवळत होती!

"ही बघा चोर! आता बिनघोर खा. फक्त माझं अर्धं पोळं तेवढं विसरू नका."

दाढ बधिर झाली होती, त्यामुळे अस्वल खूश झालं. कोल्ह्याला अर्धं पोळं दिलं, उरलेलं अर्धं स्वतः चाटलं आणि तोंड न धुता घोरू लागलं. थोड्या दिवसांनी पुन्हा ठणका, पुन्हा कोल्हा, पुन्हा अळी, पुन्हा पोळं. असं चालता चालता एक दिवस साधं वाळकं बोर चावताना कडकन आवाज झाला आणि दाढेचा अर्धा तुकडा अस्वलाच्या पंज्यात आला.

अस्वल घाबरलं. डोहाच्या पाण्यात वाकून त्याने आ केला, तर उजवीकडच्या दाढेवरही एक काळा ठिपका! मधाचे दिवस संपले की अस्वलाला कंद आणि मुळं चावून जगावं लागतं. दाढाच गेल्या तर चावायचं कशाने? त्याला काही कोणी मऊ भात कालवून भरवणार नव्हतं.

"गेली ती गेली," ते पाण्यातल्या स्वतःला म्हणालं. "पण ही जाऊ देणार नाही. काय वाटेल ते होवो."

ते तडक कोल्ह्याकडे गेलं. तिथे एक वानरीण गाल धरून बसली होती. कोल्ह्याने नेहमीसारखी पुटपुट केली आणि अस्वलाच्या दाढेतून अळी काढून दाखवली.

"दे ती इकडे," अस्वल म्हणालं. त्याने दाढेचा तुटका तुकडा दगडावर ठेवला आणि त्यावर अळी सोडली. "हं, खा."

अळी इकडे फिरली, तिकडे फिरली, तुकड्याला तिने तोंडसुद्धा लावलं नाही. मग अस्वलाने झाडाखाली पडलेलं एक पिकलं उंबर तिच्यापुढे ठेवलं. अळी सरसर गेली आणि थेट आत घुसली.

"अगं बाई!" वानरीण दुखणारा गाल सोडून ओरडली. "ही तर उंबरातली! पानात दडवून आणलीस होय रे मेल्या?"

"दाताने तिचं पोट भरलं असेल," कोल्हा चाचरत म्हणाला.

"आणि पोट भरलं म्हणून उंबर खायला निघाली?" अस्वलाने विचारलं.

कोल्हा भडकला. "मग दात पोखरतं कोण ते तुम्हीच सांगा! सांगा ना!"

अस्वलाला ते माहीत नव्हतं. पण ते हटलं नाही. "शोधीन आणि सांगेन," म्हणालं आणि निघालं.

मोहाच्या झाडाखाली कातळ होता. त्याच्या एका खळग्यात पाणी साचलं होतं आणि त्यात पडलेली मोहाची फुलं आंबून गेली होती. त्यात एका गोगलगायीचा रिकामा शंख बुडालेला होता. अस्वलाने नख लावलं, तर शंखाचा पार भुगा! शेजारी कोरड्या कातळावर तसाच दुसरा शंख होता, तो मात्र टणक. अस्वल बघतच राहिलं. मग त्याची जीभ आपोआप तुटक्या दाढेच्या खळग्यात गेली. तिथे कालचं फूल अडकलेलं होतं, आणि चव अगदी तशीच, आंबट!

"अळीबिळी कुठली आलीय!" ते ओरडलं. "गोड मीच खातो, ते दातात अडकतं, तिथे आंबतं आणि ते आंबट दात विरघळवतं!"

अगदी बरोबर. हे आंबवण्याचं काम करणारे जीव इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. पानात गुंडाळून कोणाला दाखवायला ते कोल्ह्याच्याही हाती लागायचे नाहीत.

अस्वलाने जाऊन कोल्ह्याला आणि वानरिणीला हे सांगितलं, आणि त्या दिवसापासून दिवसभर चाटणं बंद केलं. गोड खायचं ते जेवणाबरोबर, एकदाच. आणि झोपण्याआधी ओढ्यावर जाऊन, करंजाची काडी चावून मऊ करायची, एकेक दात पुढून मागून घासायचा आणि खळखळून चूळ भरायची. पहिल्या संध्याकाळी ते गुहेच्या तोंडापर्यंत गेलं आणि जांभई देत परत फिरलं. आडवं झालं. मग स्वतःलाच म्हणालं, "ऊठ रे लठ्ठ्या, दाढ तुझी आहे," आणि उठलं. झाडावरची वानरं खिदळली, "नवरदेव निघाले दात घासायला! मुलगी कुठली हो?" अस्वल काडी चावत तसंच ओढ्याकडे चालत राहिलं.

एका संध्याकाळी गार वारा सुटला असताना कोल्हा भलंमोठं पोळं घेऊन आला. "झालं गेलं विसरा, दादा. खा आणि मस्त ताणून द्या. एक दिवस ओढ्यावर नाही गेलात तर काय आभाळ कोसळतंय?"

अस्वलाने सगळं पोळं खाल्लं. बोटंसुद्धा चाटली. कोल्ह्याचे डोळे चमकले. अस्वल आळोखेपिळोखे देत उठलं आणि त्याने कोपऱ्यातली काडी उचलली.

"अहो, पाणी बर्फासारखं आहे!"

"असू दे. मध गोडच होता, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण रात्रभर त्याला तोंडात मुक्कामाला ठेवणार नाही."

थंडी सरता सरता मधाची पोळी संपली, झाडं रिकामी झाली आणि कंद खाऊन दिवस काढायची वेळ आली. डावी दाढ काही पुन्हा उगवली नाही. पण उजवीवरचा काळा ठिपका जेवढा होता तेवढाच राहिला होता. अस्वलाने एक दगडासारखा कंद उकरला, उजवीकडे धरला आणि जोर लावला. 'कटाक्!' आवाज ओढ्यापलीकडे गेला. तिथे वानरीण आपल्या रडणाऱ्या पोराची मान बगलेत धरून त्याचे दात घासत होती. तिने वर पाहिलं आणि पोराला म्हणाली, "ऐकलंस? आता आ कर!"

तात्पर्य : किडीला दोष देत झोपून राहणाऱ्याचा दात जातो, कंटाळा आला तरी रोज उठून तोंड धुणाऱ्याचा टिकतो.