नावाचा घास

खूप मागच्या काळात, एका टेकडीच्या पायथ्याला गूळ करणाऱ्यांचं घर होतं. घरात गुळाला तोटा नव्हता, अन् माणसांनाही. लेकरू मात्र एकच, ठकी.

त्या घराची एक रीत होती. ठकीचं पोट भरलं तरी तिनं उठायचं नाही. मग प्रत्येकाच्या नावाचा एकेक घास. हा आजीचा, हा काकाचा, हा आत्याचा. "माझ्या नावाचा नाही खाल्लास?" म्हणून आत्या रुसायची. लेकरू नाही कसं म्हणणार? आजोबांचा घास सगळ्यात मोठा, गूळ-तुपाचा. नातीचं बाळसं बघून म्हाताऱ्याचा जीव सुपाएवढा व्हायचा.

टेकडीवर देवीची दीपमाळ होती. वर्षातून एकदा घरोघरची लेकरं आपापल्या घराची पणती घेऊन वर जायची. त्या वर्षी ठकी निघाली, अन् निम्म्या वाटेवर धापा टाकत बसली. "बाजूला व्हा रे, गुळाची ढेप घरंगळतेय!" पोरं हसली. पणती तिच्या हातातच विझली.

घरच्यांनी ठरवलं, ठकीचं ताट निराळं करायचं. तिला भाजी-भाकरी, बाकीच्यांचं गूळ-तूप चालूच. पोर मान खाली घालून जेवायची.

एकदा आजोबा कोयता शोधत कणगीमागं गेले, तर तिथं ठकी. हातात गूळ, डोळ्यांत पाणी.

"भूक लागली का गं?"

"नाही आजोबा. तुमच्या नावाचा घास राहिला होता."

म्हातारा तिच्या शेजारी बसला. लेकराला आपण माया शिकवली, पण ती पोटात भरून. चूक पोरीची नव्हती.

त्याच दिवशी त्यांनी घरातला गूळ माळ्यावर चढवला. "आजपासून ताट सगळ्यांचं एक. गोड सणाला. अन् नावाचा घास बंद! पोट भरलं की पोर उठेल. ज्याला माया करायचीय, त्यानं तिच्याबरोबर टेकडी चढायची."

"बाबा, गोडाशिवाय मला जेवण उतरत नाही," काका कुरकुरला.

"मग जा कणगीमागं. जागा रिकामी आहे."

 तेवढ्यात आजीनं पदराआडून लाडू काढला. "एकच देते हो, तोंड सुकलंय लेकराचं."

"लाडू ठेव, अन् चपला घाल."

सोपं नव्हतं. आत्याचे पाय दुखायचे, काका झोपेचं सोंग घ्यायचा. आजोबा रोज त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढायचे. पावसात चालले, थंडीत चालले. हळूहळू आत्याच्या गप्पांत चढण सरू लागली, अन् ठकी पुढं पळू लागली.

पुन्हा दीपमाळेचा दिवस आला. ठकीच्या मागं अख्खं घर निघालं. शेवटच्या चढाला आजोबांनाच दम लागला. "तू हो पुढं पोरी. मी बसतो इथंच."

ठकी मागं फिरली. एका हातानं पणती सांभाळत तिनं दुसरा हात पुढं केला.

"आजोबा, माझ्या नावाचं एक पाऊल."

म्हातारा उठला. एक पाऊल टाकलं, मग आणखी एक. त्या संध्याकाळी त्या घराची पणती दीपमाळेवर लागली.

म्हणून सांगतो बाबांनो, लेकराला निरोगी वाढवायचं तर त्याचं एकट्याचं ताट बदलू नका, सगळ्या घराची चाल बदला.