डोहातलीचं नाव

“...म्हणजे ते नाव तुम्हाला ठाऊक आहे. खरं की नाही?”

“खरं आहे,” मौजगीर गोसावी म्हणाला.

“मग सांगत का नाही, महाराज?”

गोसावी कफनीच्या बाहीला टाके घालत होता. त्याने मान वर केली नाही.

भिवाजीच्या कपाळावरची शीर ताठली. त्याला असं ताटकळत ठेवायची कुणाची हिंमत नव्हती. आसपासच्या गावांत कुणाला झपाटलं, की बोलावणं जायचं ते भिवाजी देवरुष्याला. तो अंगारे-धुपारे फारसे करत नसे. झपाटलेल्या माणसासमोर मांडी ठोकून बसायचा, आत जे कोणी असेल त्याच्याशी गोडीगुलाबीने बोलायचा, आणि बोलता बोलता त्याचं खरं नाव काढून घ्यायचा. मग पिंपळावरचा मुंजा असो की बांधावरची हडळ, खरं नाव उच्चारलं की ते समोर येऊन मान खाली घालून उभं राहायचं. नाव म्हणजे वेसण, असं तो म्हणे. हातात आली की ओढायची.

आज गोसाव्याच्या ओट्यावर त्याची स्वतःची लेक शेजारी बसली होती.

चार दिवसांमागे पोर भर दुपारी घागर घेऊन एकटीच डोहावर गेली होती. परत आली ती अशी. घागर काठोकाठ भरलेली, पावलं नेहमीची, पण डोळ्यांत कुणी नव्हतं. तेव्हापासून एक शब्द बोलली नव्हती. भरवलं तर गिळायची. बसवलं तर बसायची.

भिवाजीने येत होती तेवढी सगळी नावं घेऊन पाहिली. एकही लागू पडलं नाही. डोहातल्या आसरेचं, पाण्यातल्या त्या बाईचं, नाव वर टेकाडावर राहणाऱ्या गोसाव्यालाच ठाऊक, असं कुणी सांगितलं, तेव्हा पोरीला वाकळीत गुंडाळून, खांद्यावर घेऊन तो चढून आला होता.

“तुम्ही फक्त नाव सांगा. केसांना धरून बाहेर काढतो तिला.”

“काढलीस. पुढे?”

“पुढे काय? म्हणेन, माझ्या लेकीला सोड.”

“कोणत्या लेकीला?”

“कोणत्या म्हणजे? ही काय, समोर...”

“अशी बोटाने दाखवू नकोस. नाव घेऊन सांग.”

भिवाजीने तोंड उघडलं.

ते उघडंच राहिलं.

नाव ओठांवर होतं, असं त्याला वाटलं. नव्हतं. त्याने बारसं आठवलं. पाळणा आठवला, पाळण्याला बांधलेली लाल चिंधी आठवली. तिन्हीसांजेला बायको अंगणात उभी राहून पोरीला हाक मारायची, तेही आठवलं. बायकोचे ओठ हलताना दिसले... आवाज आला नाही.

घरात सगळे तिला ‘पोरी’ म्हणत होते. ‘बाळे’ म्हणत होते. केव्हापासून, ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

उन्हात बसलेला भिवाजी गार पडला.

“महाराज... काय हो नाव माझ्या पोरीचं?”

गोसाव्याने दातांनी दोरा तोडला.

“सकाळपासून तू तेच तर विचारतोयस.”

खाली डोह चकाकत होता. वारा नव्हता. तरी पाण्यावर मधोमध एक वर्तुळ उमटलं आणि काठापर्यंत पसरत गेलं.

“डोहातलीला नाव नव्हतं रे,” मौजगीर हळू आवाजात म्हणाला. “म्हणून कुणाच्या हाकेला ती आली नाही. पण आपल्यालाही कुणी बोलवावं, असं वाटलं असेल तिला. आता हिचं मिळालंय. पाणी आणायला उतरलो की ऐकू येतं. घोकत असते. नवंय अजून, जीभ वळत नाही.”

“सांगा मला. मी बाप आहे. मी हाक मारली की...”

“येईल की. ओल्या पायांनी वर येईल, या ओट्यावर तुझ्या शेजारी बसेल. पण ती ही नसेल. हिला ते नाव आता कळत नाही.”

भिवाजी रडला. भुतांना रडवणारा माणूस, पोरीच्या पायाशी डोकं टेकून रडला. पोरीने त्याच्याकडे पाहिलं नाही.

मौजगीर उठला. त्याने पोरीला उचलून भिवाजीच्या मांडीवर ठेवलं.

“तिच्या कानात नाव घाल.”

“कोणतं?”

“कुणाचंच नसलेलं. देवाचं नको, भुताचं नको, मेलेल्याचं तर नकोच.”

भिवाजी शोधू लागला. जे नाव मनात येई, ते कुणाचं तरी निघे. एकेका नावामागून एकेक तोंड वर येऊन त्याच्याकडे बघे... त्याने बोलावलेली, बांधलेली, हाकललेली. सगळी ओळखीची. आपण काही विचारायच्या आधीच ती माना खाली घालून उभी राहताहेत, असं त्याला वाटलं. त्याने डोळे गच्च मिटले.

आणि सगळी नावं सोडून दिली.

मांडीवर पोरीचं वजन होतं. केसांना खोबरेल तेलाचा वास होता. छाती वरखाली होत होती. तेवढंच राहिलं.

बराच वेळ गेला... मग तो वाकला आणि तिच्या कानात काहीतरी बोलला. काय बोलला, ते अगदी समोर बसलेल्या मौजगीरलाही ऐकू आलं नाही.

पोरीची पापणी लवली.

तिने मान वळवली. नव्याने पाहावं तशी ती बापाच्या तोंडाकडे बघत राहिली.

“आबा,” ती म्हणाली. आवाज घोगरा होता, थोडा परका. “भूक लागली.”

भिवाजीने तिला उराशी धरलं. त्याला हसू फुटलं आणि रडूही. वाकळ तिच्याभोवती गुंडाळून तो उठलाच होता, तेवढ्यात खालून, पाण्याकडून, हाक आली.

“आबाऽऽ...”

हा आवाज मुळीच परका नव्हता. अंगणातून धावत येणारा, लाडात आला की शेवट लांबवणारा. इतकी वर्षं घरात घुमलेला तोच आवाज.

भिवाजीचे पाय तिकडे वळले. ओठ उघडले.

मौजगीरने झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“तीही तुझीच. नाव तिच्याकडे आहे ना,” तो म्हणाला. “पण ओ देऊ नकोस.”